जागतिक तापमानवाढ व वऱ्हाड
पृथ्वीपृष्ठालगतच्या हवेच्या सरासरी तापमानात होत असलेली दीर्घकालीन वाढ म्हणजे जागतिक तापमानवाढ. सूर्यप्रकाशाने तापलेले भूपृष्ठ अवरक्त प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन इ. वायू तिचा बराच भाग शोषून काही अंशी पृथ्वीकडे परत पाठवितात. मुख्यत्वे कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळे कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. २८० वरून ४२० पेक्षा अधिक झाले आहे. अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक वीज केंद्रही कोळशावरच चालते. १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत २०११–२० या दशकाचे जागतिक तापमान सु. १·१° से. अधिक होते.

वऱ्हाडचा उन्हाळा मुळातच कडक असल्याने तेथे अल्प वाढही जाचक ठरते. मे २०२० मध्ये अकोल्याचे तापमान ४७° से.च्या वर गेले. मे २०२४ मध्ये कामगारांसाठी पाणी व सावलीची सोय आणि शिकवणी वर्गांच्या वेळा यांबाबत जिल्हा प्रशासनाला १४४ कलमान्वये आदेश काढावे लागले.

तापमान १° से.ने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी जमिनीतील ओल लवकर उडते आणि पाऊस थोडक्या वेळात जोराने पडतो. कोरडवाहू कापूस, तूर व सोयाबीन यांना दोन्ही अपायकारक होत. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी–वरूड भागात कडक उन्हाने संत्र्याच्या आंबिया बहराची फळगळ वाढते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरीचाही भरवसा नसतो. कोळशाचा वापर घटविणे हा मूलगामी उपाय होय. तोवर शेततळी, मूलस्थानी जलसंधारण आणि उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांच्या कामाच्या वेळांत बदल हे स्थानिक उपाय अत्यावश्यक आहेत.