मध्ये कोण?

माझी नात कोल्हापूरच्या मराठी शाळेत, तर तिचा आतेभाऊ इचलकरंजीच्या इंग्रजी शाळेत. दिवाळीत दोघं आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी अभ्यासाला बसली. हिच्या पुस्तकावर ‘परिसर अभ्यास’, त्याच्या पुस्तकावर ‘एन्व्हायरन्मेंटल स्टडीज’. “आजोबा, एन्व्हायरन्मेंट म्हणजे परिसर ना? मग पर्यावरण म्हणजे काय?” मी चष्मा शोधू लागलो आणि मग कोश काढला.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘विरों’ म्हणजे वर्तुळ, फेर. त्यावरून इंग्रजीत घेरणं, वेढणं आलं. १८२८ मध्ये टॉमस कार्लाइलनं ‘उमगेबुंग’ या जर्मन शब्दासाठी ‘एन्व्हायरन्मेंट’ योजला, आणि माणूस ज्या परिस्थितीत वाढतो ती, हा अर्थ रुजू लागला. नद्या, धूर, जंगलं यांची काळजी त्या शब्दाला चिकटली ती विसाव्या शतकात. १९७२ ची स्टॉकहोम परिषद झाली, १९८६ मध्ये आपल्याकडे कायदा आला. मराठीत ‘परि’ला ‘आवरण’ जोडलेलं होतंच. पर्यावरण, म्हणजे भोवतालचं पांघरूण!

खरं सांगायचं तर मला त्याहून ‘पंचक्रोशी’ आवडते. तिच्यात अंतर पायांनी मोजलेलं असतं. पण शब्द कुठलाही घ्या, वर्तुळ म्हटलं की मध्ये कुणीतरी उभं असणारच. आम्ही कोल्हापूरकर मध्ये स्वतःलाच धरतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली पंचगंगा ‘आमची’. जयंती नाल्याचं सांडपाणी पोटात घेऊन ती घाटावरून पुढं गेली, की आमच्यापुरती संपली. प्रत्यक्षात ती इचलकरंजीवरून जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली, माणसं दगावली. लेक तिथं दिलेली, म्हणून त्या दिवसांत आमच्या घरी रोज फोन वाजायचा.

पोरांना ‘माझा परिसर’ हे चित्र काढायचं होतं. नातीनं घर, तालीम, रंकाळा काढला, नदी निळीशार. नातवानं मध्ये आपलं घर काढलं आणि कागदाच्या कडेला, नदीच्या वरच्या अंगाला, बारीक अक्षरांत ‘कोल्हापूर’ लिहिलं. नदी काळपट, वर हिरवं केंदाळ.

“अशी का रे रंगवलीस?” नातीनं विचारलं.

“तुमच्याकडनं अशीच येते,” तो म्हणाला आणि हिरवा खडू पुन्हा घासू लागला.