पुण्यात जन्मलेला डासाचा पेशीवंश

विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. तो जिवंत पेशीत शिरतो, तिची प्रथिने घडवणारी यंत्रणा आपल्या कामाला जुंपतो आणि तिच्याकडून स्वतःच्या असंख्य प्रती करून घेतो. म्हणूनच डेंग्यू किंवा चिकनगुनियाच्या विषाणूचा अभ्यास करायचा, तर त्याला पोसणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत आधीपासून हाताशी असाव्या लागतात. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंसाठी जगभरच्या प्रयोगशाळा ज्या पेशींवर आज मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत, त्यांचे मूळ पुण्यात आहे, आणि या कामाची जेवढी नोंद सामान्य वाचकांपर्यंत पोहोचायला हवी होती तेवढी ती पोहोचलेली नाही.

आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने ‘विषाणू संशोधन केंद्र’ या नावाने पुण्यात सुरू झाली. डास, गोचीड अशा जिवांमार्फत पसरणारे विषाणू शोधणे हे तिचे पहिले काम होते. त्या काळी रुग्णाच्या रक्तात विषाणू आहे की नाही हे ठरवण्यासाठी ते रक्त नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून ती आजारी पडतात का हे पाहिले जाई. या पद्धतीला प्राण्यांची सतत पैदास लागे आणि वेळही फार जाई. शिवाय डेंग्यूचे काही विषाणू असे असत की पिल्लांमध्ये आजाराची ठळक लक्षणे दिसतच नसत, त्यामुळे विषाणू असूनही तो निसटून जाण्याचा धोका राही.

या अडचणीवर याच केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी काढलेला मार्ग १९६७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस या दोन जातींच्या डासांच्या, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेऊन त्यांनी त्यांच्या ऊतींपासून काचेच्या भांड्यात पेशी वाढवल्या. अशा पेशींना क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि वासराच्या गर्भाच्या रक्तातील सीरम असलेल्या पोषक द्रवात ठेवावे लागते, आणि या द्रवात एकही जीवाणू किंवा बुरशी शिरून चालत नाही, कारण ती पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढून सारे संवर्धन नासवते. सुरुवातीला बहुतेक पेशी मरतात. ज्या थोड्या तगतात, त्या विभागत जाऊन भांड्याचा तळ व्यापतात. मग त्यांतील काही नव्या भांड्यात हलवल्या जातात, आणि हे हलवणे वर्षानुवर्षे चालू ठेवता आले की ‘सेल लाइन’, म्हणजे अखंड वाढत राहणारा पेशीवंश, तयार झाला असे मानतात. डासांच्या पेशी साधारण २८ अंश सेल्सिअसला वाढतात, तर माणसाच्या पेशींना ३७ अंश लागतात.

असा पेशीवंश खरोखर डासाचाच आहे याची खात्री करणे वाटते तितके सोपे नसते. सिंग यांच्या एक वर्ष आधी ऑस्ट्रेलियातील टी. डी. सी. ग्रेस यांनी एडिस इजिप्तीचा म्हणून जाहीर केलेला पेशीवंश पुढे पतंगाच्या पेशींचा निघाला; प्रयोगशाळेत आधीपासून वाढत असलेल्या दुसऱ्या पेशी त्यात मिसळून शिरजोर झाल्या होत्या. अशी भेसळ ओळखण्याचा एक जुना मार्ग गुणसूत्रे मोजण्याचा आहे. पेशी विभागत असताना तिला एका रसायनाने मध्येच थांबवले, की जनुके वाहून नेणारी ही सूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सुटी दिसतात. एडिस डासाच्या पेशीत ती अवघी सहा असतात आणि पतंगात पुष्कळ जास्त, त्यामुळे ही मोजणी फसवणुकीला फारशी जागा ठेवत नाही. नवी पद्धत हाती येण्याइतकेच अशा पडताळणीच्या कंटाळवाण्या कामालाही महत्त्व आहे, कारण चुकीच्या पेशींवर केलेला प्रयोग कितीही काटेकोर असला तरी त्याचा निष्कर्ष निरर्थकच ठरतो.

सिंग आणि एस. डी. पॉल यांनी पुढे दाखवून दिले की अल्बोपिक्टसच्या पेशींत डेंग्यूचे विषाणू चांगले वाढतात आणि रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा काढण्यासाठीही त्या उपयोगी पडतात. १९७८ मध्ये जपानी संशोधक अकिरा इगाराशी यांनी याच पेशींतून एकेक पेशी अलग करून तिच्यापासून स्वतंत्र संतती वाढवली आणि त्यांपैकी डेंग्यू व चिकनगुनियाला सर्वाधिक बळी पडणारी संतती निवडली. ती ‘सी ६/३६’ या नावाने जगभर गेली; इगाराशी यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव घेतले होते.

पेशींत विषाणू शिरला आहे हे पाहण्यासाठी मात्र आणखी एका पद्धतीची गरज पडते, कारण डासाच्या पेशी अनेकदा विषाणूला पोटात घेऊनही जगत राहतात आणि बाहेरून निरोगी दिसतात. अशा वेळी विषाणूचे प्रथिन शोधले जाते. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे घेऊन त्यांना चमकणारा रंग जोडतात, पेशींवर सोडतात आणि न चिकटलेली प्रतिपिंडे धुऊन टाकतात. मग विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू असलेल्या पेशी हिरव्या उजळतात. विषाणू कोणता हे वेगवेगळी प्रतिपिंडे वापरून ओळखता येते.

जनुकांच्या पातळीवर काम करणारी पीसीआर पद्धत कोविडच्या काळात घराघरांत पोहोचली. डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या विषाणूंचे जनुकीय द्रव्य आरएनए असल्याने त्याची आधी डीएनए प्रत करतात आणि मग तापवण्या-थंडावण्याच्या प्रत्येक फेरीत तिची संख्या दुप्पट करत जातात. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या सुमारे शंभर कोटी प्रती होऊ शकतात. हे काही तासांत होते, म्हणून निदानासाठी आता पेशीसंवर्धनाची वाट पाहिली जात नाही. तरीही पीसीआर फक्त विषाणूच्या खुणा सांगते. तो जिवंत आहे का, त्याची रोग निर्माण करण्याची क्षमता किती आणि एखादे औषध त्याला रोखते का, हे प्रश्न जिवंत पेशीशिवाय सुटत नाहीत. चिकनगुनियाच्या विषाणूच्या ई १ या प्रथिनातील २२६ व्या जागी ॲलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले की तो एडिस अल्बोपिक्टसमध्ये अधिक सहज वाढतो. २००६ च्या भारतातील साथीच्या विषाणूत हा बदल नव्हता आणि २००७ च्या केरळातील साथीत तो सापडला. हा बदल जनुकक्रम वाचून दिसला, पण त्याचा अर्थ लागला तो पेशींत आणि डासांत विषाणू वाढवून पाहिल्यावरच.

सी ६/३६ पेशी विषाणूंना इतक्या सहज का बळी पडतात, याचा एक महत्त्वाचा भाग २०१० मध्ये उलगडला. कीटकांच्या पेशीत विषाणूचा आरएनए तुकडे करून निकामी करणारी एक संरक्षक यंत्रणा असते आणि हे तुकडे करण्याचे काम डायसर-२ नावाचे प्रथिन करते. सी ६/३६ पेशींत या प्रथिनाच्या जनुकातच बिघाड आहे. विषाणू वाढवण्यासाठी हे वरदान असले, तरी डास विषाणूशी कसा झुंजतो याचा अभ्यास फक्त याच पेशींवर करून चालणार नाही, कारण खऱ्या डासात ही यंत्रणा शाबूत असते. याशिवाय काही प्रयोगशाळांतील सी ६/३६ पेशींत केवळ कीटकांत राहणारे विषाणू आधीपासून दबा धरून बसलेले आढळले आहेत. म्हणून एखाद्या संशोधकाने नव्या पेशी आणल्या की त्यांचा वंश, त्यांची गुणसूत्रे आणि त्यांत लपलेले विषाणू तपासल्यानंतरच त्या वापरायला घ्याव्या लागतात, आणि तपासलेल्या पेशींचा साठा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राखून ठेवावा लागतो.