संगणकातले दप्तर एका शोधात सापडेल काय?

धंदा वाढला की कागद वाढतात. आता त्या कागदांची जागा संगणकाने घेतली आहे. पण एकाच गिऱ्हाइकाची माहिती आज चार ठिकाणी पडलेली असते. बिल हिशोबाच्या प्रोग्राममध्ये, भावाची बोलणी ई-मेलमध्ये, दराचा तक्ता एक्सेलमध्ये आणि नमुन्याचा फोटो आणखी कुठल्या फोल्डरमध्ये. तगाद्याच्या वेळी गिऱ्हाईक म्हणते, "दर हा ठरला नव्हता," आणि आपण चारही दारे ठोठावत बसतो. पुरावा घरात असूनही वेळेवर हाती येत नाही आणि हक्काची रक्कम सोडावी लागते.

आपल्या जुन्या मुनीमजींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. कीर्दीतल्या प्रत्येक नोंदीसमोर खातेपानाचा रकाना असतो. त्या एका आकड्यावरून खतावणीतले नेमके पान उघडता येते. तसेच कापडाच्या थानावरच्या चिठ्ठीचे. पन्हा, मीटर, रंग, नंबर त्यावर लिहिलेले असले की थान उलगडावे लागत नाही. संगणकवाले ज्याला 'मेटाडेटा' म्हणतात तो म्हणजे हीच चिठ्ठी होय. सर्व प्रोग्रामना ती एकच चिठ्ठी वाचता आली, तर एका शोधात सारे दप्तर समोर येईल.

हे स्वप्न जुने आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील 'बी' कंपनीने 'बीओएस' ही प्रणाली बनवली. तिच्यात प्रत्येक ई-मेल ही स्वतंत्र फाईल असे आणि पाठवणाऱ्याचे नाव व विषय त्या फाईलवरच चिकटवलेले असत. ओळखीच्या माणसाचे नाव आणि फोन नंबरही तसेच. त्यामुळे ही माहिती कोणत्याही एका प्रोग्रामच्या ताब्यात राहत नसे. कंपनी टिकली नाही. २००१ साली तिची मालमत्ता 'पाम' कंपनीला विकली गेली. परंतु तिची फाईल-व्यवस्था रचणाऱ्या दोघांपैकी एक, डॉमिनिक जियाम्पाओलो, पुढे ॲपलमध्ये गेले आणि एप्रिल २००५ मध्ये ॲपलच्या संगणकात 'स्पॉटलाइट' हा शोध आला.

मायक्रोसॉफ्टने याहून मोठा घाट घातला होता. २००३ साली जाहीर झालेल्या 'विनएफएस'मध्ये सर्व प्रोग्रामनी आपली माहिती ठरलेल्या साच्यात एकाच कोठारात ठेवायची होती. ऑगस्ट २००४ मध्ये ही योजना येऊ घातलेल्या विंडोजमधून काढली गेली आणि जून २००६ मध्ये ती गुंडाळलीच. युरोपात 'नेपोमुक' नावाचा प्रकल्प २००६ ते २००८ या काळात चालला. लिनक्सवरील 'केडीई'ने तो स्वीकारला, पण संगणक जड चालतो अशा तक्रारी आल्या. २०१४ मध्ये त्याच्या जागी 'बालू' ही हलकी व्यवस्था आणली गेली. गूगलचा फुकट 'डेस्कटॉप' शोधही २००४ साली सुरू होऊन २०११ मध्ये बंद पडला.

यातून आपण काय घ्यावे? सर्वांचा माल एका गोदामात ओढून आणण्याचा हट्ट चालला नाही. माल ज्याच्या त्याच्या दुकानात ठेवून फक्त यादी सामाईक करण्याची रीत टिकली. आजच्या विंडोजचा आणि ॲपलचा शोध असाच चालतो. मात्र यादी करणाऱ्याला प्रत्येक प्रकारची फाईल वाचणारा एक दुभाषी लागतो. ज्या प्रोग्रामने असा दुभाषी दिलेला नाही, त्याची माहिती शोधात येतच नाही.

म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

हिशोबाचा प्रोग्राम घेताना विक्रेत्याला साफ विचारावे: आमची माहिती एक्सेलसारख्या साध्या रूपात बाहेर काढता येईल काय? नाही म्हटले, तर उद्या प्रोग्राम बदलताना आपलेच दप्तर आपल्याला परके होईल.

प्रत्येक पार्टीला एक नंबर द्यावा आणि तोच बिल, पत्र, फाईल व फोटो यांच्या नावात लिहावा. मोहम्मद, मुहम्मद आणि मो. हा एकच माणूस आहे हे आपल्याला कळते, साध्या शोधाला कळत नाही. नंबरात अशी गफलत होत नाही. जरीकाम करणाऱ्या कारागिरानेही प्रत्येक डिझाइनला असाच नंबर द्यावा.

मराठी व उर्दू मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रे आणि जुन्या इनपेजच्या उर्दू फायली डोळ्यांना दिसतात, पण त्यांतला शब्द शोधात सापडत नाही. कामाच्या तेवढ्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

बिलाचा फोटो म्हणजे नुसते चित्र. त्यातली अक्षरे वाचणारी सोय आता मिळते, तरी तिच्यावर विसंबू नये. फाईलच्या नावात तारीख व नंबर घालावा.

शेवटची गोष्ट अमानतीची आहे. सगळ्याची यादी करणाऱ्याला आपले भाव, उधारी आणि पत्रे सगळेच ठाऊक होते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'रिकॉल' जाहीर केले. ते पडद्याची चित्रे साठवून त्यांत शोध घेते. खासगीपणावरून त्याला इतका विरोध झाला की ते लांबणीवर पडले आणि एप्रिल २०२५ मध्ये लोकांपर्यंत आले. दुकानातला एकच संगणक चार हात वापरत असतील, तर प्रत्येकाला वेगळा लॉगिन व पासवर्ड द्यावा.

सारे जुने दप्तर एकदम लावायला बसू नये, ते काम अर्ध्यावर राहते. १ एप्रिलला नव्या वह्या सुरू होतात, त्याच दिवसापासून नव्या नोंदींना नंबर घालावेत. जुन्यांपैकी ज्यांची उधारी बाकी आहे, तेवढीच खाती आधी घ्यावीत.