चिक्कीची सचोटी निवडणीच्या टेबलावर

शनिवार-रविवार तुंगार्लीच्या एखाद्या बंगल्यात काढायचा, सकाळी धरणापर्यंत चालून यायचे आणि निघताना लोणावळ्याच्या बाजारातून चिक्कीचे चार-पाच डबे घ्यायचे, हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी कुटुंबांचा शिरस्ता आहे. डबा घेताना आपण तुकडा चाखतो, भाव विचारतो. दाणे कुठून आले, कोणी निवडले, किती घाईत निवडले हे कोणी विचारत नाही. विचारले तरी काउंटरवरच्या पोराला ते ठाऊक नसते. खाणाऱ्याला जे तपासता येत नाही, ते तपासण्याची जबाबदारी करणाऱ्यावर येऊन पडते. कारखानदारीतल्या नीतिमत्तेचा प्रश्न मुळात एवढाच आहे, आणि त्याभोवती गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज : कारवाई झाली, म्हणजे भेसळ सापडली

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्याच्या मगनलाल या प्रसिद्ध उत्पादकाला चिक्कीचे उत्पादन आणि विक्री थांबवण्याचा आदेश दिला. बातमी आली आणि अनेकांनी परस्पर निष्कर्ष काढला की चिक्कीत काहीतरी मिसळलेले सापडले. प्रशासनाचा आक्षेप वेगळा होता. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ खाली तयार मालाच्या ज्या तपासण्या करून घ्यायला हव्यात, त्या होत नव्हत्या.

मग ही नुसती कागदपत्रांची चूक झाली का? मला तसे वाटत नाही. परवान्याच्या अटींनुसार उत्पादकाने आपला माल रासायनिक आणि सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने ठरावीक काळाने, सहा महिन्यांतून किमान एकदा, तपासून घ्यायचा असतो. तपासणीच केली नसेल तर माल चांगला आहे हे मालकालाही ठाऊक नसते. त्याला तसे वाटत असते, इतकेच. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार आली नाही, हा त्या वाटण्याचा आधार. तो किती तोकडा आहे, हे शेंगदाण्याकडे पाहिल्यावर कळते.

गैरसमज : भाजले की सगळे मरते, आणि खवट दाणा जिभेला कळतोच

पाकाचे तापमान दीडशे अंशांच्या आसपास जाते, चिक्कीत ओलावा फार कमी उरतो, त्यामुळे जिवाणू तिच्यात वाढत नाहीत. इथपर्यंत खरे. पण दाण्याचा खरा धोका बुरशीचा आहे. शेतात दुष्काळाचा ताण बसला, काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत किंवा गोदामात ओल लागली, तर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. भट्टीत बुरशी मरते, विष मात्र पुष्कळसे टिकून राहते. भाजण्याने ते कमी होते, नाहीसे होत नाही. त्याला चव नाही, वास नाही. एखादा दाणा कडू लागला तर आपण थुंकतो, पण न लागलेला दाणा निर्दोष आहे, असे जीभ सांगू शकत नाही.

हे विष जगाला कळले ते १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि कारणाचा शोध सुरू झाला. आपल्याकडे १९७४ मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा या आदिवासी भागांत बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष थोड्या प्रमाणात पण वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकले आहे. लोणावळ्याचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे, ज्याच्या कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढली आहे, त्याला इथे जून ते सप्टेंबर दाण्याची पोती ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता निवडणीचे टेबल पाहा. हे विष पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि मोजक्या दाण्यांत भरपूर विष असते. असे दाणे बरेचदा सुरकुतलेले, काळपट, फुटके किंवा किडीने पोखरलेले असतात. म्हणून हाताने निवडणे हा आजही फार परिणामकारक उपाय आहे. टेबलाशी बसलेली बाई दाण्यांचा ढीग पुढे ओढते, तळव्याने पसरते, बोटांनी वाईट दाणे बाजूला सारते आणि उरलेले टोपलीत ढकलते. तिला पुरेसा उजेड हवा, मध्ये डोळ्यांना विसावा हवा, आणि मुख्य म्हणजे वेळ हवा. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी दुप्पट झाल्या आणि मुकादमाने रोजच्या किलोंचा आकडा वाढवला, की तिचे हात तेच राहतात, नजर मात्र वरवरची होते. तिने हलगर्जीपणा केला असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो निर्णय आकडा ठरवणाऱ्याने घेतलेला असतो, बहुधा आपण आरोग्याविषयी काही ठरवतो आहोत याची त्याला जाणीवही नसते. उत्पादनाचे नियोजन हा निव्वळ हिशेबाचा विषय आहे, हा मला या सगळ्यांतला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. कारखान्याची नीतिमत्ता शिफ्टच्या तक्त्यात लिहिलेली असते.

विष असे विखुरलेले असल्यामुळे तपासणीचा नमुनाही एका पोत्यातून मूठभर काढून चालत नाही. अनेक पोत्यांतून थोडेथोडे दाणे काढून, एकत्र दळून, मग नमुना घ्यावा लागतो. वरवर घेतलेल्या नमुन्याचा अहवाल चांगला आला, तर त्याने फसगतच होते.

गैरसमज : पाकिटावर चौदा आकडी क्रमांक आहे, म्हणजे सरकारने माल तपासला आहे

तो क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. तुमच्या हातातले पाकीट कोणा अधिकाऱ्याने पाहिले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून माल कोणी केला हे शोधता येते. मिळत्याजुळत्या नावांच्या पाट्या जिथे ओळीने लागल्या आहेत अशा गावात तर नावापेक्षा क्रमांक आणि पत्त्यावर विश्वास ठेवावा. बॅच क्रमांकाचेही तसेच. तो नसेल आणि उद्या एका दिवसाच्या मालात दोष निघाला, तर कोणते डबे परत मागवायचे हे मालकालाच कळणार नाही. सदोष माल बाजारातून मागे घेणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे.

गैरसमज : माल दारातून बाहेर पडला की जबाबदारी संपली

याचे मोठे उदाहरण लोणावळ्याला जवळचे आहे. तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरीचा कारखाना आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत चॉकलेटांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि अन्न व औषध प्रशासनाने कंपनीच्या पुण्याजवळच्या कारखान्यातला साठा जप्त केला. अळ्या कारखान्यात शिरल्या नाहीत, दुकानदारांनी माल नीट साठवला नाही, अशी कंपनीची सुरुवातीची भूमिका होती. त्यात तथ्य असेलही. पण आपला माल उन्हात, उघड्या फळीवर, धान्याच्या पोत्यांशेजारी विकला जाणार हे ज्याला माहीत आहे, त्याने तो टिकेल असे वेष्टण द्यायला नको का? विक्री घसरल्यावर कंपनीने दुकानदारांना साठवणूक शिकवण्याची ‘विश्वास’ नावाची मोहीम हाती घेतली आणि जानेवारी २००४ पासून अधिक महागडे, हवाबंद दुहेरी वेष्टण आणले. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवून उपाय आपल्या हाती घेणे, हा त्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग आहे.

वेष्टणाची दुसरी बाजूही आहे. तुंगार्लीच्या धरणातून लोणावळ्याला पिण्याचे पाणी मिळते, आणि त्याच्या वाटेवर प्लास्टिकची रिकामी पाकिटे पडलेली दिसतात. दोष टाकणाऱ्याचा आहेच. पण अनेक थरांची ही चकचकीत वेष्टणे भंगारवालाही घेत नाही, आणि २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी बाजारात आणणाऱ्यांवरही टाकली आहे. चिक्की कागदी खोक्यात आणि एकाच थराच्या आतल्या पिशवीत देता येत असेल, तर तो निर्णय कारखान्यातच होऊ शकतो.

गैरसमज : आमचे काम घरगुती, आम्हाला कसली सुरक्षा

७ जून २०२१ रोजी शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवडे येथील कारखान्याला आग लागून १७ कामगार मेले. त्यांत १५ महिला होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या छोट्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. तिथेही बळी प्रामुख्याने महिलांचे गेले. चिक्कीत स्फोटक काही नाही हे खरे. पण भट्टी आहे, गॅसच्या टाक्या आहेत, पॅकिंगचा कागद आणि प्लास्टिक आहे, आणि कढईत उकळता पाक आहे. पाणी अंगावर सांडले तर ओघळून जाते. पाक कातडीला चिकटून जाळत राहतो. तो ओट्यावर ओतणाऱ्याला लांब बाह्यांचे हातमोजे आणि पायात बंद बूट हवेत, ओट्याजवळ गार पाण्याचा नळ हवा, आणि बाहेर पडायचे दार डब्यांच्या थप्पीने अडलेले नको. कामगार किती आहेत यावर कायद्याची काही कलमे लागू होतात किंवा होत नाहीत. भाजण्यावर त्या संख्येचा काही परिणाम होत नाही.

गैरसमज : हे सगळे केले तर धंदा परवडणार नाही

एकट्या छोट्या उत्पादकाला प्रत्येक पोत्यामागे प्रयोगशाळेचा खर्च जड जातो, ही अडचण खरी आहे आणि ती धुडकावू नये. पण असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान ५ लाख रुपये भरपाईची तरतूद अन्नसुरक्षा कायद्यात आहे, तेव्हा न तपासणेही फुकट पडत नाही. लोणावळ्यातले छोटे उत्पादक एकत्र आले तर पावसाळ्यापूर्वी दाणे एकत्र खरेदी करता येतील. मोठ्या लॉटचा एकच नीट काढलेला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून तो खर्च वाटून घेता येईल, आणि अहवाल येईपर्यंत पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, कोरड्या खोलीत ठेवता येतील. अहवाल वाईट आला तर व्यापाऱ्याला लॉट परत करण्याची अट खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावी. एकट्या उत्पादकाचे व्यापारी ऐकणार नाही, वीस जणांचे ऐकेल. हे काम मेअखेरीस व्हायला हवे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पोती ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत वापरली जातात.