ना पात्र यादीत, ना अपात्र यादीत : डेटाबेसच्या कोडची चाचणी कार्यकर्त्यांना का कळली पाहिजे?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ, तालुका कोणताही घ्या. शिष्यवृत्तीच्या दिवसांत आम्हाला एकच प्रश्न ऐकू येतो : फॉर्म भरला, कागदपत्रे दिली, मग यादीत नाव का नाही? उत्तरही ठरलेले, "सिस्टीमने घेतले नाही." पण सिस्टीम म्हणजे कुणीतरी लिहिलेला कोड आणि त्यामागचा डेटाबेस. शासन निर्णयात बरोबर असलेला नियम कोडमध्ये उतरताना वाकडा होऊ शकतो. तो वेळीच पकडण्याचे साधन म्हणजे चाचणी, प्रोग्रामर जिला 'टेस्ट' म्हणतात.

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. समजण्यासाठी दोनच अटी धरू : विद्यार्थी अनुसूचित जातीचा हवा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. पहिली अट सोपी वाटते, पण तिच्यात आपला इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आले आणि बौद्ध थेट १९९० मध्ये. हे माहीत नसलेला प्रोग्रामर धर्माच्या रकान्यावर चुकीची अट सहज लावून बसेल. म्हणून पहिली टेस्ट हीच : धर्म बौद्ध, मूळ जात महार, उत्पन्न ९०,०००. उत्तर 'पात्र' आलेच पाहिजे. दुसरी, उत्पन्न बरोबर २,५०,००० : पात्र. तिसरी, २,५०,००१ : अपात्र. 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यांत कोडमध्ये एका चिन्हाचा फरक असतो.

इथे फंक्शनल भाषांचा फायदा दिसतो. हॅस्केल, इलिक्सिर या अशा भाषा. त्यांत नियम एका 'प्युअर फंक्शन'मध्ये लिहायची पद्धत आहे. त्याला माहिती द्या, ते उत्तर देते. मधल्या मध्ये ते डेटाबेस उघडत नाही, काही बदलत नाही, आणि तीच माहिती पुन्हा दिली तर तेच उत्तर देते. त्यामुळे नियम तपासायला डेटाबेस लागतच नाही. शेकडो टेस्ट क्षणात होतात. हॅस्केलसाठी कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये क्विकचेक नावाचे साधन मांडले. त्यात एकेक उदाहरण न देता फक्त नियम सांगायचा, उदाहरणार्थ "केवळ उत्पन्न वाढले म्हणून अपात्र विद्यार्थिनी पात्र होता कामा नये", आणि यंत्र स्वतः आकडे बनवून तो मोडायचा प्रयत्न करते.

मात्र एवढ्याने भागत नाही. खरी गंमत डेटाबेसमध्ये आहे.

समजा एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि उत्पन्नाचा दाखला अजून निघालेला नाही. तिचा उत्पन्नाचा रकाना रिकामा. डेटाबेसच्या भाषेत ही जागा 'नल' असते. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे 'माहीत नाही'. 'उत्पन्न अडीच लाखांपर्यंत' असलेल्यांची यादी मागितली तर ती त्यात येत नाही. 'अडीच लाखांपेक्षा जास्त'वाल्यांची मागितली, तर त्यातही येत नाही. कुठलीही एरर नाही, कुठलाही लाल शेरा नाही. मुलगी दोन्ही याद्यांतून गायब. त्याहून विचित्र म्हणजे इलिक्सिरमध्ये रिकामी किंमत कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जाते. म्हणजे तोच नियम निष्काळजीपणे लिहिला तर फंक्शन तिला 'अपात्र' ठरवते आणि डेटाबेस काहीच ठरवत नाही. हॅस्केलमध्ये 'असेल किंवा नसेल' असा स्वतंत्र प्रकार वापरता येतो, त्यामुळे रिकाम्या रकान्याचा विचार प्रोग्रामरला करावाच लागतो. आमच्या मते इथे तिसरे उत्तर हवे : 'दाखला बाकी'. ते द्यायचे की नाही, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये.

ही चूक खऱ्या डेटाबेसवर चालवलेली टेस्टच पकडते. काटेकोर बोलायचे तर ती युनिट टेस्ट राहत नाही, पण नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तिची पद्धत अशी : व्यवहार सुरू करायचा, चार काल्पनिक विद्यार्थी घालायचे, यादी मागायची, उत्तर तपासायचे आणि व्यवहार रद्द करायचा. घातलेल्या नोंदी पुसल्या जातात, पुढची टेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. इलिक्सिरच्या एक्टो लायब्ररीत यासाठी 'सँडबॉक्स' तयारच मिळतो. एकाच विद्यार्थ्याचा अर्ज दोनदा शिरतो का, हेही असेच तपासावे लागते. प्रत्यक्षात पोस्टग्रेस वापरणार असाल तर टेस्टही पोस्टग्रेसवरच घ्या. सोयीसाठी दुसरा डेटाबेस लावला तर त्याचे वागणे वेगळे निघते.

हे दूरचे नाही. सामाजिक संस्थांना व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांशी संवाद साधता यावा म्हणून प्रोजेक्ट टेकफॉरडेव्हने बनवलेले 'ग्लिफिक' इलिक्सिर आणि पोस्टग्रेसवर चालते. त्याचा कोड खुला आहे. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्यातल्या टेस्ट उघडून वाचाव्यात.

एक पथ्य कडक पाळा. टेस्टमध्ये खऱ्या मुलांची नावे, जात, आधार क्रमांक कधीही वापरू नका. टेस्टच्या फायली लॅपटॉपवरून लॅपटॉपवर फिरतात.

आणि कोड येत नसला तरी उदाहरणे तुम्हीच लिहून द्या, साध्या वहीत, माहिती एका बाजूला आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या बाजूला. दाखल्यावर 'वसमत' आणि जुन्या कागदावर 'बसमत' असे लिहिलेले असेल तर तालुका एकच धरला जातो का? उत्पन्न देवनागरी अंकांत भरले तर चालते का? पुण्यात बसलेल्या प्रोग्रामरला हे प्रश्न सुचणार नाहीत.