किरणोपचारानंतरचे रक्त : लपवू नये, घाबरू नये

बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या एका स्त्रीची कथा संत मार्कच्या शुभवर्तमानात आहे. वैद्यांपायी तिचे सारे द्रव्य संपले होते. लोकलज्जेस्तव ती गर्दीतून, पाठीमागून येऊन प्रभूच्या वस्त्रास शिवली. प्रभूने मात्र तिला पुढे बोलाविले, तिचे सर्व ऐकून घेतले आणि कन्या म्हणून संबोधिले. दुखणे बोलून दाखविण्यात कमीपणा नाही, हाच धडा आम्हांस येथे दिसतो.

शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे नांदत असलेल्या उज्जैन नगरीतून कर्करोगाचे अनेक रुग्ण किरणोपचारासाठी इंदूरला, काही मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. आपण ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतो, त्यालाच माळव्यात 'सिकाई' म्हणतात. उपचार पुरा होतो, माउली घरी येते, देवाचे आभार मानले जातात; आणि वर्षा-दोन वर्षांनी लघवीत रक्त दिसते. रोग उलटला या भीतीने, अथवा सुनेस सांगावे कसे या संकोचाने, ती गप्प राहते.

हे का घडते? गर्भाशयाच्या अगदी पुढे मूत्राशय असते. पुरुषांत ते प्रॉस्टेट ग्रंथीला लागून असते. तेथील कर्करोगावर सोडलेले किरण थोडेबहुत त्यालाही लागतात. उपचार चालू असताना होणारी जळजळ व वारंवार लागणारी लघवी बहुधा काही आठवड्यांत शमते. दुसरा त्रास मात्र सहा महिन्यांनी, कधी दहा वर्षांनीही उद्भवतो. बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, अस्तराला प्राणवायू पुरेसा मिळत नाही आणि नव्याने फुटणाऱ्या नाजूक वाहिन्यांतून रक्त झिरपते.

म्हणून रक्त दिसणे म्हणजे रोग परतणेच, असे नव्हे. पण तो परतला नाही, हेही घरबसल्या ठरविता येत नाही. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीने मूत्राशयाची पाहणी आवश्यक आहे. पूर्वी किरण घेतले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे व जुने कागद सोबत न्यावेत. कारण अशा अस्तराचा तुकडा तपासणीस काढल्यास जखम लवकर भरत नाही. तपासणीवाचून पुनःपुन्हा जंतुनाशक गोळ्या घेणे व्यर्थ होय.

उपचार पायरीपायरीने होतात. थोडे रक्त असल्यास भरपूर पाणी आणि जंतुसंसर्गावर औषध. गुठळ्या असल्यास नळी घालून मूत्राशय धुतात. तुरटीच्या सौम्य द्रावणानेही रुग्णालयात मूत्राशय धुतात. मूत्रपिंडे दुर्बळ असलेल्यांस ते घातक ठरू शकते, तेव्हा घरी हा प्रयोग मुळीच करू नये. दुर्बिणीतून रक्तस्रावाची जागा डागता येते. फॉर्मालिनचा उपाय कडक. तो भूल देऊन, अगदी शेवटी करतात. दाबाखालील प्राणवायूच्या कक्षात रुग्णास बसविण्याचाही एक उपचार आहे. त्याची चाचणी उत्तर युरोपातील पाच रुग्णालयांनी ७९ रुग्णांवर केली व २०१९ साली प्रसिद्ध केली. रोज सुमारे दीड तास, अशा तीस ते चाळीस बैठकांनंतर त्या रुग्णांचा त्रास इतरांपेक्षा अधिक कमी झाला.

एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावी. गुठळीने लघवी अडली, ओटीपोट फुगून दुखू लागले, ताप आला किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तंबाखू मात्र सोडावी.

रुग्णाची सेवा केवळ औषधाने होत नाही. आईला किंवा सासूबाईंना एकांतात, आदराने विचारावे. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जावे. रक्ताची गरज पडल्यास धर्मग्रामातील तरुणांनी पुढे व्हावे. संकोचाची भिंत आपण मायेने दूर केली, तर पुष्कळ यातना वेळीच टळतील, अशी आमची खात्री आहे.