मुद्राक्षररचना, मराठी वळणाची

मराठी लेखनपरंपरेतील अक्षरवळणे आधारभूत मानून छपाईसाठी वा संगणकासाठी केलेली देवनागरी मुद्राक्षरांची घडण. मराठी, हिंदी, नेपाळी इ. भाषांची लिपी एक असली, तरी तिचे वळण एक नाही. मराठी पोथ्यांतील अक्षर बोरूने घडले. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपे कापीत. त्यामुळे जाड व बारीक रेषांच्या जागाही उलट पडतात. रोमन अक्षराच्या सवयीने काढलेली नागरी परकी दिसते, ती यामुळेच.

विल्यम कॅरीच्या मराठी व्याकरणासाठी (१८०५) बंगालमधील श्रीरामपूर येथे नागरी, तर त्याच्या मराठी कोशासाठी (१८१०) मोडी खिळे वापरण्यात आले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने नागरी खिळे सुधारले. तेथेच काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले खिळे सुबकतेत आजही आदर्श ठरावेत असे आहेत. मुंबई वळणाचे अ, झ, ण पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेतही रूढ झाले. ल व श यांच्या बाबतीत मात्र उलट घडले. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, उजव्या दंडाविना, तर श देठाचा. त्यांच्या जागी हिंदी रूपे मराठी छपाईत शिरली. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी रूपे पुन्हा मान्य केली.

संगणकावरील अडचण वेगळी आहे. युनिकोड संकेतप्रणालीत दोन्ही रूपांना एकच संकेतांक आहे. मजकूर मराठी असल्याची नोंद असेल व रचनाकाराने मराठी रूप मुद्दाम काढून ठेवले असेल, तरच ते दिसते. दंड नसलेल्या ल चे अर्धे रूपही निराळे आखावे लागते. मराठीच्या चंद्रकोरी र ची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न शोभेचा नसून अर्थाचा असतो : ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास.

कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी विंडोज प्रणालीसाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. मात्र आधी शिरोरेषा ओढून मग हात न उचलता लिहिण्याची ही लिपी सुट्या, एकसारख्या अक्षरांत बसविणे आजही अवघडच आहे.